दहा नॉटांच्या आतलं वारं

आमच्या पेठेत कुणी गेलं की माहुलीच्या घाटावर लाकडं रचून होईपर्यंत सगळे खाली मान घालून उभे असतात. अपवाद आप्पांचा. आप्पा शबनममधून हातात मावेल एवढं एक यंत्र काढतात, ते डोक्यावर धरून चितेभोवती फिरतात आणि त्या शांततेत जाहीर करतात, "नैऋत्येकडनं वारं, सहा नॉट. मधनंच आठ. मंडळी, देवळाच्या अंगाला सरका, न्हाईतर धूर खावा लागंल." सुरुवातीला लोक चिडले. एका मयताचा जावई तर अंगावर धावून गेला आणि दुसऱ्याच मिनिटाला डोळे चोळत देवळाच्या अंगाला आला. आता आप्पा बोलल्याशिवाय कुणी जागा धरत नाही. भटजीसुद्धा नाही.

आप्पा माझ्या औषधाच्या दुकानासमोर राहतात. नौदलातून रिटायर झालेले. साताऱ्याकडे घरटी एक माणूस फौजेत असतो हे खरं, पण तो पायदळात. जावळीच्या डोंगरातला हा गडी जहाजावर कसा गेला, ते त्याच्या आईलाही कळलं नव्हतं म्हणतात. रिटायर झालेली माणसं प्लॉट घेतात, पिठाची गिरणी टाकतात, निदान निवडणुकीला पडतात. आप्पांनी शिडाची होडी घेतली. मुंबईकडच्या कुठल्याशा क्लबानं टाकून दिलेली ती होडी ट्रकवर चढवून त्यांनी मेढ्यावरून घाट पार केला आणि कोयनेच्या धरणाच्या पाण्यात सोडली. तिच्यामागे परवानग्यांचे एवढे हेलपाटे झाले की त्यांत एक संसार उभा राहिला असता.

"काय मेडिकल, वारं काय म्हणतंय?" हा त्यांचा रोजचा नमस्कार.

"पंखा दोनवर आहे, आप्पा."

"मस्करी करू नगं. वाऱ्याची मस्करी करणारी माणसं मी पाण्यातनं काढल्यात."

हे वाक्य ऐकलं की मी पंखा बंद करायचो.

होडीच्या डोलकाठीच्या टोकाला वारा मोजायचं यंत्र असतं. तीन वाट्या गरगर फिरतात, त्यावरून वेग कळतो, तो नॉटांत; एक नॉट म्हणजे ताशी दोन किलोमीटरला थोडा कमी. शेजारी एक बाण असतो, तो दिशा सांगतो. तिथून वायर डोलकाठीच्या पोटातून खाली येते आणि बसायच्या जागेपाशी तबकडीवर आकडा दिसतो. एवढंच यंत्र. पण ते निवडायला आप्पांनी जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात आमच्या पेठेतल्या तीन मुलींची लग्नं ठरून पार पडली. बिनवायरीचं यंत्र त्यांनी बघताक्षणी नाकारलं. "त्यातला सेल कवा संपंल? आपून मधोमध असताना. मग काय काठीवर चढून सेल घालू?" मग कुणीतरी त्यांना अगदी नवीन जातीचं दाखवलं, ज्यात फिरणारं काहीच नसतं. आप्पा म्हणाले, "जे फिरतच न्हाई, ते बंद पडलंय ह्ये कळणार कसं?" विक्रेत्यानं यंत्र पुन्हा खोक्यात भरलं.

शेवटी तीन वाट्यांचंच घेतलं. त्याची बेअरिंगं शेंगदाण्यापेक्षा लहान. ती मिळतात सांगलीला, विश्रामबागेतल्या एका बोळात. एकदा मी आप्पांबरोबर गेलो आणि जन्माची अद्दल घडली. कराडच्या पुढे आम्ही वडापाच्या जीपमध्ये बसलो. सकाळची वेळ, झाडाचं पान हलत नव्हतं. आप्पांनी शबनममधलं हातातलं यंत्र बाहेर काढून खिडकीतून हात लांब केला. वारा पडलेला असला की गाडीचा वेग तोच वाऱ्याचा वेग, त्यावरून यंत्र खरं बोलतंय का ते कळतं.

"डायवर, काटा कितीवर हाय?"

"काटा कवाच मेलाय, आजोबा. तुमच्या हातातल्यावर किती दिसतंय त्ये सांगा, म्हंजी मलाबी कळंल."

आप्पांनी गाडी थांबवायला लावली. भर उन्हात आम्ही दोघं रस्त्यावर, आणि आप्पा येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करून पहिला प्रश्न विचारत होते, "काटा चालू हाय का?" लोक आम्हाला आरटीओचे समजून न थांबता पळत होते. अखेर एका कांद्याच्या टेम्पोचा काटा जिवंत निघाला. हिशेब जुळला. त्या आनंदात आप्पांनी टेम्पोवाल्याला भडंगाची पिशवी दिली आणि मी सांगलीपर्यंत कांद्यावर बसलो.

यंत्राची निगा म्हणजे सोवळंच. बेअरिंगाला तेलाचा थेंब लावायचा नाही. "तेल लावलं की धूळ बसती. धूळ बसली की वाटी जड. वाटी जड झाली की वारं खोटं कमी दिसतंय. आन् खोटं कमी वारं माणूस मारतंय, मेडिकल." वाट्या गोड्या पाण्यानं धुवायच्या, जुन्या सुती लुगड्यानं टिपायच्या. बाण होडीच्या नाकाशी अगदी सरळ रेषेत बसवायचा. एकदा त्यावर बगळा बसला आणि बाण वाकला, तर आप्पा आठवडाभर पेठेतल्या कबुतरांशीही बोलत नव्हते. मृगाच्या आत यंत्र उतरवून घरी आणायचं आणि रव्याच्या डब्यात ठेवायचं.

"मग रवा कुठं ठिवू, भावजी?" आक्का मला विचारायच्या. "काठीवर?"

आक्का म्हणजे आप्पांच्या मंडळी. मूलबाळ नव्हतं. घरात दोघं आणि वारा. आप्पा यंत्राचं पुराण लावून बसले की त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या, "आमच्या म्हायारात पदर बगून वारं कळतंय. त्याला यवढं सोंग लागत न्हाई."

त्यांचं माहेर धरणाच्या पलीकडच्या काठावर. गाडीरस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस वळसा आणि शेवटचा डोंगर पायी. आक्कांचे गुडघे दहा वर्षांपूर्वीच गेले. राहिलं पाणी. त्यावर प्रवासी लाँच चालायची, पण ती आप्पांना नको होती. होडी घेतली तीच मुळी आक्कांना माहेरी न्यायला, आणि पहिल्याच भाऊबीजेला आप्पांनी त्यांना तिच्यात बसवून नेलंही. ती हकीकत आक्का हसून हसून सांगायच्या. वारं पाठीमागून होतं. पाठीमागून वारं असलं की होडीही त्याच दिशेनं पळते, म्हणून वाट्या सावकाश फिरतात. खरा वारा जोराचा असला तरी तबकडी थोडाच आकडा दाखवते. हे आप्पांना ठाऊक नव्हतं थोडंच! नौदलात नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. पण त्या दिवशी आप्पा बायकोला नवी तबकडी दाखवत होते, बायको त्यांना चकली भरवत होती, आणि तबकडी म्हणत होती सात.

काठाशी थांबायला होडीचं नाक वाऱ्याकडे वळवावं लागतं. आप्पांनी वळवलं आणि मग खरं वारं समोर आलं. होडी आडवी झाली, आक्का पाण्यात. अंगात लाइफ जाकीट होतं म्हणून तरंगल्या. भावानं काठावरून उडी टाकून त्यांना ओढून काढलं, आणि ओल्या लुगड्यानिशी आक्कांनी त्याला ओवाळलं.

"चकलीचा डबा तेवढा बुडाला," आक्का म्हणायच्या. त्या हसायच्या, मी हसायचो. आप्पा उठून आत जायचे.

त्या दिवसानंतर आप्पांनी नियम केला. दहा नॉटांच्या वर वारं असलं तर आक्कांनी पाण्यावर पाय ठेवायचा नाही. पाचाच्या खाली असलं तर मधेच अडकून पडू, म्हणून नाही. आणि पाच ते दहाच्या मधे असलं तर, "आता वाढंल." दर भाऊबीजेला आप्पा पहाटे एकटेच काठावर जायचे, तबकडी बघायचे आणि परत यायचे. आक्का नेसून, पिशवी भरून ओट्यावर बसलेल्या असायच्या.

"वारं बरोबर न्हाई."

"मग लाँचनं जाती."

"त्या पत्र्याच्या डब्यात? एकाच्याबी अंगात जाकीट नसतंय. माजा जीव गेला तरी बसू द्याचो न्हाई."

मग दोन दिवस त्या घरात चूल असायची, जेवण नसायचं. तिसऱ्या दिवशी भाऊच लाँचनं, एसटीनं येऊन ओवाळून घेऊन जायचा. हे असं वर्षानुवर्षं चाललं. पेठेला ती गंमत वाटायची. मलाही वाटायची.

मग भावाला झटका आला आणि त्यानं अंथरूण धरलं. आता तो येऊ शकत नव्हता. आक्कांचं हृदयही थकलेलं, त्यांच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जायच्या. एका संध्याकाळी त्या पायरीवर बसल्या, धाप ओसरू दिली. मग म्हणाल्या, "भावजी, एकदा त्याला बगायचंय वो. ह्यास्नी वारं इसरायची गोळी हाय का तुमच्याकडं?"

मी आप्पांशी बोललो. चांगला भांडलो. आप्पा बेअरिंग पुसत होते. "यंदा नवी बेअरिंगं घातल्यात," ते म्हणाले. "आता आकडा खरा येईल. वैशाखात न्हेतो. बरोबर वारं मिळालं की न्हेतो." तेच बेअरिंग ते पुन्हा पुन्हा पुसत होते, हे मी पाहिलं आणि वयावर घातलं.

वैशाखात आक्का गेल्या. दुपारी पडल्या होत्या, चहाला उठल्या नाहीत. त्या दिवसाचं मी लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आप्पा माझ्या दारात आले. "चल, मेडिकल. तिला न्ह्यायचंय." आम्ही काठावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि त्या वेळी पश्चिमेचं वारं डोंगरावरून खाली कोसळतं. लाँचवाल्यानंसुद्धा सांगितलं, "आप्पा, सकाळी जावा." आप्पांनी शीड चढवलं. अस्थींच्या लोटक्याला त्यांनी जाकीट घातलं. लहान मुलाला घालतात तसे सगळे बंद आवळले आणि ते लोटकं माझ्या मांडीवर दिलं.

तबकडी माझ्यासमोर होती. तेरा. चौदा. मधेच सोळा. आप्पांनी तिकडे एकदाही पाहिलं नाही. वारं समोरून, म्हणून नागमोडी जावं लागत होतं. प्रत्येक वळणाला होडी कलायची, पाणी अंगावर यायचं, आणि आप्पांच्या हातात ती पुन्हा सरळ व्हायची. काही झालं नाही. गेलो आणि पोचलो. इतकं सोपं होतं ते. मला आप्पांचा राग आला, असा राग की लोटकं पोटाशी धरून मी रडलो.

पलीकडे पाणी खोल गेलेलं, काठ म्हणजे भेगाळलेला गाळ. त्या गाळात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर भावाला आणून बसवलं होतं. त्याचा एकच हात चालतो, तो त्यानं आधीपासूनच पुढे केलेला. त्याची बायको पाण्यात उतरली. तिच्या हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा. लेक माहेरी आली की दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात, तेच घेऊन ती आली होती.

काठावरचा एक म्हातारा म्हणाला, "आगं, अस्थीवरनं कुणी भाकरतुकडा उतरतंय व्हय?"

"म्हायाराला आलीया ती," आक्कांची वहिनी म्हणाली. "रिकामी कशी घिऊ?"

तिनं तुकडा लोटक्यावरून ओवाळून लांब टाकला, पाणी ओतलं, लोटकं उचलून नवऱ्याच्या मांडीवर नेऊन ठेवलं. त्यानं चालता हात त्यावर ठेवला. तोंडातून नुसता आवाज आला, शब्द नव्हता.

आप्पा होडीतून उतरलेच नाहीत. सुकाणू धरून बसले होते. "मला तिला बुडवायची न्हवती, वैनी," ते म्हणाले. "दुसरं कायबी न्हवतं. मला लय भ्या वाटायचं."

वहिनी तांब्या घेऊन होडीपाशी आली.

"बुडवली न्हाई दाजी तुमी," ती म्हणाली. "पर आणलीबी न्हाई."

मग तिनं तांब्यात उरलेलं पाणी त्यांच्या पायावर घातलं, हाताला धरून त्यांना खाली उतरवलं आणि घराकडे घेऊन गेली.