दिव्याची उलटतपासणी

माझ्या गाडीचं बॉनेट उघडण्याआधी गांगुर्डे काकांनी दोन पंच बोलावले. एक आमच्या सोसायटीचा वॉचमन आणि दुसरा कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. "मागून कोणी म्हणायला नको, की हे आधी असं नव्हतं," असं म्हणत त्यांनी दोघांना गाडीभोवती फेरी मारायला लावली, खरचटलेल्या जागा लिहून घेतल्या आणि वहीत दोघांच्या सह्या घेतल्या. तिकडे इस्त्री तापून राहिली आहे, ही इस्त्रीवाल्याची तक्रार काही नोंदली गेली नाही.

काका कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, म्हणजे त्यांचं शरीर निवृत्त झालं. दूधवाल्याला उशीर झाला की ते त्याला "गैरहजेरीचं सबळ कारण" विचारतात. कुणी काही सांगायला गेलं की आधी "स्वतः पाहिलं, की ऐकीव?" त्यांच्याकडे साधी सायकलही नाही, पण अपघाताच्या खटल्यांतले गाड्यांचे तपासणी अहवाल वाचून वाचून त्यांना इंजिन तोंडपाठ झालंय. कुणाची स्कूटर बिघडली की काका स्टीलचा डबा घेऊन हजर. प्रत्येक स्क्रूला चिठ्ठी लावतात, "मुद्देमाल क्रमांक एक." त्यामुळे स्कूटर बिघडली की लोक ती आधी काकांपासून लपवतात. मीही लपवली असती. पण माझ्यावर वेळच तशी आली होती.

मी गाडी शिकले वयाच्या बावन्नाव्या वर्षी. शाळेत शिकवून सुटल्यावर रोज, असे तीन महिने क्लचशी भांडले आणि जिंकले. तेव्हापासून दर रविवारी मी एकटी निफाडला आईकडे जाते. आई चौऱ्याऐंशीची आहे, सकाळपासून ओट्यावर बसून रस्त्याकडे बघते. दसऱ्यानंतरच्या रविवारी परत येताना आडगावच्या अलीकडे डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवा लागला. मी घाबरून तिथेच इंजिन बंद केलं आणि गाडी ओढून घरी आणवली. गॅरेजवाल्याने दोन मिनिटं दिव्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "मॅडम, ऑइलचं प्रेशर गेलंय. इंजिन खोलावं लागेल." पुण्याहून मुलाचा फोन. "आई, विकून टाक आता. या वयात कशाला ती कटकट?"

इंजिनापेक्षा ते 'या वयात' मला जास्त लागलं. गाडी गेली असती तर माझा रविवार कुणाच्या तरी सवडीवर गेला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी पार्किंगमध्ये उभी राहून चक्क रडले. नेमके काका जिना उतरत होते.

"बाई, काय झालं?"

"इंजिन गेलं, काका."

"निकाल कुणी दिला?"

"गॅरेजवाल्याने."

"पुरावा?"

"दिवा लागला ना!"

काकांनी चष्मा वर सरकवला. "दिवा हा साक्षीदार आहे बाई, आरोपी नव्हे. साक्षीदाराच्या एका शब्दावर कुणी फाशी देतं का?"

आणि खटला उभा राहिला. सुरुवातीला माझी उलटतपासणी झाली. दिवा पहिल्यांदा कधी लागला? खड्ड्यात गाडी आपटली? तेल कधी बदललं? मग डिपस्टिक काढून, पुसून, पुन्हा घालून पाहिली. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये. "तेलाची बाजू स्वच्छ," काकांनी लिहिलं आणि पुढची तारीख शनिवारची दिली. मी म्हटलं, काका, आजच बघा ना. ते म्हणाले, "घाईने झालेला न्याय वरच्या कोर्टात टिकत नाही." खरं कारण वेगळं होतं. सातपूरच्या एका फिटरकडून त्यांना प्रेशर मोजायचं घड्याळ उसनं आणायचं होतं.

शनिवारी त्यांनी इंजिनावरचा एक छोटा स्विच काढला. तेलाचा दाब पडला की हा स्विच आपली वायर गाडीच्या पत्र्याला जोडतो आणि वर दिवा लागतो. त्याच्या जागी त्यांनी घड्याळ बसवलं, मोकळी वायर बाजूला लोंबती ठेवली आणि मला गाडी सुरू करायला सांगितली. घड्याळाचा काटा टुणकन वर गेला. इंजिन चांगलं तापेपर्यंत आम्ही थांबलो. काटा जिथे हवा तिथेच.

"प्रेशर उत्तम!" काका ओरडले.

"पण काका, दिवा अजून लागलेलाच आहे."

काकांनी खिडकीतून डोकावून स्वतः दिवा पाहिला. मग त्यांचा चेहरा असा काही फुलला, की वॉचमनसुद्धा खुर्चीतून उठला. "बाई, अहो ती वायर कशालाच जोडलेली नाही! मग दिवा लावतंय कोण?"

लोंबत्या वायरीवर बोट ठेवून ते मागे मागे सरकत गेले. एका नळीपाशी बोट थांबलं. तिथे एक बारीक तार वायरीभोवती करकचून आवळली होती. वायरीचं आवरण तिने कापलं होतं, आणि तिचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला टेकलं होतं. तारेत झेंडूच्या दोन वाळक्या पाकळ्या अडकलेल्या.

"हे काय आहे?" काकांनी कोर्टातल्या आवाजात विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दसऱ्याला सगळे गाडीला बाहेरून हार घालतात. मला वाटलं, राबतं ते बिचारं इंजिन, हार त्याला घालावा. सुटू नये म्हणून तारेने आवळला. नंतर फुलं ओढून काढली, तार राहिली.

"गुन्हा कबूल?"

"कबूल."

काकांनी तार कापली, वायरीला टेप गुंडाळली, स्विच जागेवर बसवला. मी किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, इंजिन सुरू झालं आणि दिवा विझला! मी अक्षरशः किंचाळले. तिथल्या तिथे मुलाला फोन लावला. "गाडी विकायची नाही. आणि माझं वय पुन्हा काढायचं नाही."

मग काकांना विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"

ते डबा आवरत होते. "काही नको. सदतीस वर्षं दुसऱ्यांचे निकाल फायलीला लावले, बाई. हा पहिला माझा." डब्याचं झाकण लावत म्हणाले, "वर घरी जाऊन आता सांगायचं कुणाला, एवढाच प्रश्न आहे. ही होती तेव्हा पोळ्या लाटता लाटता ऐकायची. तुमच्या आईंना ऐकू येतं का नीट?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना निफाडला घेऊन गेले. आईच्या ओट्यावर बसून काकांनी सगळा खटला साद्यंत सांगितला. आईला इंजिनातलं काही कळत नाही, पण ती हनुवटीला हात लावून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "लय भारी हो दादा. पण मधी मी चहा ठेवायला गेले व्हते, तेवढं राहिलं. आता पहिल्यापून सांगा."

काकांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले, मांडी बदलली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.