उलटा फेरा

रविवारी सकाळी वेणीमाधव पाटणकरांनी धोतराचा काष्टा घट्ट खोचला, स्वेटरवर मफलर गुंडाळला आणि गुलाबी रंगाचे स्केट्स मांडीवर घेऊन ते खाटेवर बसून राहिले. पाटणकर म्हणजे राजा घाटावरचे भटजी. महाराष्ट्रातून अस्थी घेऊन, श्राद्धाला म्हणून काशीत येणाऱ्या यजमानांचं सगळं यथासांग करून देणं हा घराण्याचा पिढीजात व्यवसाय. त्या घराण्यात चाकांच्या बुटात पाय घालणारे हे पहिलेच पुरुष, आणि ते बूटही बायकोचे.

स्केट्स नीरजानं आणले होते. सिगरा भागातल्या एका शाळेच्या मैदानावर दर हिवाळ्यात स्केटिंगचं वर्कशॉप होई. अट एकच, मुलाबरोबर आई किंवा बाप हवा, आणि दोघांनीही शिकायचं. ईशानीनं हट्ट धरला, तेव्हा नीरजानं मायलेकींसाठी एकसारखे दोन जोड आणले आणि स्वयंपाकघराची भिंत धरून चालूनही दाखवलं. पुढे काविळीचं निमित्त झालं आणि चैत्रात नीरजा गेली. स्केट्स कपाटावर राहिले.

त्या बुटांना बाजूला एक खटका होता. तो दाबला की बूट थोडा लांब होई. वेणीमाधवांचे पाय मुळातच लहान. "बायकांसारखे पाय आहेत तुमचे," असं नीरजा चिडवायची, आणि ते दरवेळी मनापासून चिडायचे. आज खटका दाबून पाय आत घातला तर तो बसला. मग काही वेळ त्यांना उठावंसं वाटेना.

पन्नाशीला आलेल्या भटजीबुवांनी हे धाडस का केलं, तर त्याचं कारण गुरुवारी घडलं होतं. नीरजाची बहीण सुरुची पुण्याला असते. मंगळवारी येऊन ईशानीला ती पुण्याला घेऊन जाणार होती, चार दिवसांसाठी नव्हे, कायमची. "भाओजी, मुलीच्या जातीला बाईमाणूस लागतं घरात," असं ती म्हणाली, आणि वेणीमाधवांनी यजमानाला म्हणावं तसं "ठीक आहे" म्हणून टाकलं. गुरुवारी ते दाराशी चपला काढत असताना आत ईशानी मावशीशी फोनवर बोलत होती.

"येते ना मी. बाबांना काय फरक पडतोय? आई गेली तेव्हा पण ते रडले नाहीत."

वेणीमाधवांनी चपला परत पायात घातल्या आणि ते घाटावर जाऊन बसले. रडले नव्हते, हे खरं होतं. गेलेल्या माणसासाठी रडू नये, आपले अश्रू त्याला प्यावे लागतात, त्याची पुढची वाट अडते, असं त्यांनी आजवर हजारो लोकांना सांगितलं होतं. स्वतःची बायको गेली म्हणून शास्त्र बदलत नाही. मणिकर्णिकेवर त्यांनी सगळं स्वतःच्या हातांनी केलं, एक मंत्र चुकला नाही. लोकांनी वाखाणणी केली. घरी अकरा वर्षांची मुलगी ते कोरडे डोळे बघत होती, हे मात्र कुणी त्यांना सांगितलं नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन ते म्हणाले, "ईशू, ते चाकांचं शिबिर असतं ना, रविवारी जाऊ या आपण."

ईशानीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू दत्तमंदिरातल्या मूर्तीनंच चहा मागितला.

मैदानावर पोचले तेव्हा ऊन नुकतं पडत होतं. शिकवणारा अनिमेष हा तरतरीत तरुण. त्यानं वेणीमाधवांच्या धोतरावरून गुडघ्याला गाद्या बांधल्या, कोपरांना बांधल्या, डोक्यावर हेल्मेट घातलं. हेल्मेट शेंडीवर बसेना. शेवटी शेंडी मागच्या फटीतून बाहेर काढावी लागली. ईशानी चार हात लांब उभी राहिली. आपण यांच्याबरोबर आलेलो नाही असं दाखवणं तिला शक्य नव्हतं, कारण मैदानावर मराठी बोलणारी ही दोघंच होती.

"सबसे पहले गिरना सीखेंगे," अनिमेष म्हणाला. "घुटने, कोहनी, फिर हाथ. डरना नहीं."

सगळे पडले. मिठाईचं दुकान असलेले गोपीनाथजी आपल्या बिटियासोबत आले होते, ते एवढ्या उत्साहानं पडले की परत उठायला दोघे लागले. वेणीमाधव मात्र बास्केटबॉलचा खांब धरून ताठ उभे.

"अंकल, गिरिए."

"बेटा, जानबूझकर काहे गिरें? जब गिरना होगा, तब गिर जाएँगे."

"बाबा, प्लीज ना, नाटक नका करू," ईशानी दात आवळून म्हणाली. पण ते काही पडले नाहीत. नीरजा गेल्यापासून त्यांनी स्वतःला उभं ठेवण्याचीच सवय लावून घेतली होती, ती एका शिट्टीनं कशी मोडणार?

पुढचं मात्र त्यांना बरं जमलं. टाचा जुळवायच्या, गुडघे वाकवायचे, बदकासारखी पावलं टाकायची. धोतरात बदकाची चाल शोभूनही दिसे. ईशानी एकदा चक्क हसली आणि हसू दाबायला तिनं तोंड फिरवलं. वेणीमाधवांना तेवढ्यानं बळ आलं. मंगळवार अजून दोन दिवस लांब होता.

मग अनिमेषनं मैदानाच्या मध्ये नारिंगी शंकू मांडले. "अब पेयर राउंड. मम्मी-पापा बच्चे का हाथ पकड़ेंगे, और सब लोग एक ही तरफ घूमेंगे, शंकू हमेशा बाएँ हाथ पर."

ईशानीनं हात पुढे केला. किती महिन्यांनी केला. वेणीमाधवांनी तो धरला, पहिलं पाऊल टाकलं आणि ते थबकले. सगळं मैदान मध्याला डाव्या हाताला ठेवून फिरत होतं. उलटा फेरा!

देवाला फेरा घालतात तो उजव्या हातानं. देव, तुळस, होम, काशीभोवतीची अख्खी पंचक्रोशी यात्रा, सगळं उजव्या हाताला ठेवून. डाव्या हाताला ठेवून फेरा फक्त एका ठिकाणी घालतात, आणि कुठे ते वेणीमाधवांइतकं त्या मैदानावर कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटचा घातला तेव्हा त्यांच्या खांद्यावर पाण्याचं मडकं होतं.

"हम उधर से नहीं जाएँगे," ते म्हणाले, आणि लेकीचा हात घट्ट धरून उजवीकडे वळले.

समोरून पंधरा जोड्या येत होत्या. "अंकल, लेफ्ट! लेफ्ट!" अनिमेष ओरडला. ईशानी हात सोडवायला बघत होती. समोरून आलेले गोपीनाथजी कसेबसे थांबले.

"का हो पंडितजी, उल्टा काहे जा रहे हैं?"

"उल्टा हम नहीं, उल्टा सब लोग जा रहे हैं."

बनारसी माणूस एक वेळ पोलिसाचं ऐकणार नाही, पण पंडितजी असं काही बोलले तर विचारात पडतो. गोपीनाथजींनी शंकूंकडे पाहिलं, स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "बात तो सही है गुरु. मंदिर में तो दाहिने से घूमते हैं." त्यांनी बिटियाला गर्रकन फिरवलं. त्यांच्या मागची आई फिरली. तिच्या मागचे बँकवाले वडील फिरले, त्यांना कारणही माहीत नव्हतं. अर्धं मैदान प्रदक्षिणा घालू लागलं, अर्धं अनिमेषच्या बाजूनं राहिलं, आणि थांबायला मात्र अजून कुणालाच शिकवलेलं नव्हतं.

पुढे जे व्हायचं तेच झालं. आधी गोपीनाथजी आणि बँकवाले एकमेकांच्या गळ्यात पडले. त्यांच्यावर दोन आया, आयांवर मुलं. शंकू उडाले. शिट्टी वाजवत धावून आलेला अनिमेष एका शंकूवर पाय पडून स्वतःच त्या ढिगात गेला. सगळं शांत झालं तेव्हा मैदानावर एकच माणूस उभा होता, बास्केटबॉलचा खांब मिठीत धरून.

"सबको गिरा दिया और खुद खड़े हैं!" अनिमेष कळवळून म्हणाला. "अंकल, आप बाहर बैठिए. बिटिया, तुम भी. बिना पेयर के राउंड नहीं होगा."

दोघं कडेच्या बाकावर बसली. ईशानीनं हेल्मेट काढलं. तिचे कान लाल झाले होते.

"मी मंगळवारी जाते," ती बुटांकडे बघत म्हणाली. "आई असती तर आली असती नीट. एकच राउंड होता बाबा. काय बिघडलं असतं?"

वेणीमाधवांनी शंभर कारणं शोधली आणि एकही सापडलं नाही. मग त्यांनी खरं तेच सांगून टाकलं.

"बाळा, तो फेरा चितेचा असतो. मडकं खांद्यावर घेऊन तसं फिरायचं. तुझ्या आईला मी तसे तीन फेरे घातले. आता परत तसं, तेही तुझा हात धरून... माझ्याच्यानं नाही होणार गं." त्यांचा आवाज घाटावरचा राहिला नाही.

ईशानीनं बुटांवरची नजर वर केली. मग म्हणाली, "हे सांगितलं का नाही कधी?"

"लहान आहेस."

ती उठली आणि त्यांचे दोन्ही हात धरून तिनं त्यांना उभं केलं, पाठ मैदानाकडे आणि तोंड आपल्याकडे. "असे उभे राहा. मी ढकलते, तुम्ही मागे मागे जा. सगळे जातात तिकडेच जायचं. आता सांगा, शंकू कुठल्या हाताला?"

वेणीमाधवांनी मान वळवून पाहिलं. विचार केला. पुन्हा पाहिलं. "उजव्या."

"मग?"

शास्त्रात हात सांगितला होता, चाकांचा उल्लेख कुठेही नव्हता. त्यांना हरकत सापडेना. पण लगेच ध्यानात आलं. "आणि तू? तुझ्या तर डाव्या हाताला येणार."

"येऊ दे."

"नको, ईशू."

"बाबा, मला कुणी घाटावर नेलंच नाही," ती म्हणाली. "काकूंकडे बसवलं, टीव्ही लावून दिला. सगळे आले तेव्हा आई नव्हतीच. तुमचे झाले तीन. माझे राहिलेत."

राहून गेलेलं करून घ्यायला नांदेडहून, सोलापुराहून माणसं वेणीमाधवांकडे येत. कुणाचं काय राहिलंय हे ते चेहऱ्यावरून ओळखत असत. आणि घरात, समोरच्या ताटावर रोज जेवणाऱ्या मुलीचं राहिलेलं त्यांना दिसलं नव्हतं! त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"चल," ते म्हणाले. "तीन."

अनिमेषनं शिट्टी तोंडाशी नेली, पण गोपीनाथजींनी त्याचा हात खाली ओढला. "जाने दो गुरु. कुछ पूजा-पाठ का मामला है."

पहिल्या फेऱ्यात वेणीमाधवांना फक्त भीती वाटली. मागून काय येतंय ते दिसत नव्हतं, धोतर चाकात जाईल की काय ही धास्ती होती, आणि ईशानी "गुडघे वाकवा, गुडघे!" म्हणून ओरडत होती. दुसऱ्या फेऱ्यात ती ओरडायची थांबली. चिता सोडून निघालं की मागे वळून बघायचं नाही, असा दंडक आहे. वेणीमाधवांनी तो कसोशीनं पाळला होता. आता मात्र उलटं जाताना त्यांना मागे पडत चाललेलंच सगळं दिसत होतं, आणि त्याच्या मध्ये लेकीचं तोंड. हनुवटी नीरजाची, ओठ मुडपायची सवयही नीरजाचीच. ती डावीकडे शंकूंकडे बघत काहीतरी पुटपुटत होती. मंत्र तिला येत नव्हते, तेव्हा आईशीच बोलत असावी.

तिसरा फेरा पुरा झाला आणि वेणीमाधवांच्या बुटाची टाच जमिनीला घासली. ते पडले. आधी बसले, मग आडवे झाले, आणि ईशानी त्यांच्या पोटावर. आणि तसंच, धोतर सुटलेलं, शेंडी फटीतून बाहेर, आकाशाकडे तोंड करून ते मोठ्यानं रडायला लागले. नीरजाला त्रास होणार होता. होऊ दे, तिनं आजवर पुष्कळ सोसलं होतं, एवढं सोसेल.

सगळं मैदान धावलं. अनिमेष दुखण्यावर मारायचा फवारा घेऊन आला. "अंकल, कहाँ लगी?"

वेणीमाधवांनी मान हलवली.

"घुटना? कमर?" त्यानं दाबून पाहिलं. प्रत्येक प्रश्नाला वेणीमाधव मान हलवत आणि जास्तच रडत.

"हड्डी गई," गोपीनाथजींनी निदान केलं. बँकवाल्यांनी पाणी शिंपडलं. कुणीतरी बर्फ आणायला धावलं.

"लगी नहीं है भैया," ईशानी त्यांच्या छातीवरचं डोकं न उचलता म्हणाली. तीही रडत होती. "रो लेने दीजिए."

अनिमेष गोंधळून उभा राहिला. मग काहीतरी बोललं पाहिजे म्हणून म्हणाला, "वैसे गिरे एकदम सही हैं."

तेवढ्यात ईशानीच्या खिशातला फोन वाजला. पुण्याहून मावशी होती.

"बॅग भरलीस का गं? लोकरीचे कपडे वरती ठेव. आणि हे मागे कोण रडतंय?"

"बाबा."

"कोण? भाओजी?"

"हो," ईशानी नाक पुसत म्हणाली, आणि तिच्या आवाजात मुलानं पहिला नंबर काढल्यावर आईच्या आवाजात असतो तसला अभिमान होता. "मावशी, मंगळवारी नको येऊस. बाबांना पडता यायला लागलंय, पण थांबता अजून येत नाही. मला शिकवायला लागेल."