आरामाची तपासणी

गुरुवारी सकाळी थोरलीची नाडी मिनिटाला अठ्ठावन्न भरली आणि घरात धावपळ सुरू झाली.

एरवीचा आकडा पन्नास. रविवारी आठशे मीटरची निवड चाचणी होती. तिला धावणं शिकवणाऱ्या सरांचा नियम असा, की जाग आल्यावर अंथरुणातच नाडी मोजायची. आकडा वाढला तर शरीर अजून थकलेलं आहे, म्हणून सराव बंद आणि नुसता आराम. फोनवर त्यांनी स्पष्टच सांगितलं, "शनिवारी पंचावन्नच्या वर असली तर धावायचं नाही. मग थेट पुढच्या वर्षी."

बाबा वजनकाटे तपासणारे निरीक्षक. एका मोजणीवर त्यांचा कधीच विश्वास बसला नव्हता.

"अठ्ठावन्न कुणी मोजले?"

"मीच."

"स्वतःचं माप स्वतःच? असं चालत नाही. उद्यापासून तीन माणसं, तीन मोजण्या, मग सरासरी."

शुक्रवारी थोरलीनं डोळे उघडले, तर उशाशी बाबा घड्याळ घेऊन, पायाशी आई वही घेऊन आणि मध्ये धाकटी हात चोळत.

"शांत राहा! अगदी शांत!" बाबा ओरडले.

त्यांच्या हिशेबानं चौसष्ट, आईच्या सदुसष्ट. धाकटीनं मनगट, कोपर, गळा सगळं चाचपलं.

"मला सापडतच नाहीये. ताई, तू आहेस ना गं?"

"अगं बाई, चढतेय की!" आई म्हणाली.

"तुम्ही असं बघताय म्हणून चढतेय."

"आम्ही काय केलं? गप्प तर उभे आहोत."

मग आराम वाढवण्यात आला. बाबांनी रजा टाकली. रहस्यकथा काढून घेतली, कारण खून पन्नासाव्या पानावर होता. दारावरची बेल काढली, तर आलेगेले दार बडवू लागले. दर तासाला मोजणी. संध्याकाळी बाबांनी आलेख काढला. रेघ कागदाबाहेर पडायच्या बेतात होती.

शनिवारी सकाळी सर स्वतःच आले. वही चाळून त्यांनी बाबांना विचारलं, "आणि तुमची किती?"

"माझी कशाला?"

"मोजणाऱ्याचीही तपासणी नको का?"

हे मात्र बाबांना तत्त्व म्हणून पटलं. त्यांनी हात पुढे केला. एकशे अठरा.

"शेवटची झोप कधी झाली?"

"बुधवारी," आईनं परस्पर सांगितलं.

सरांनी बाबांना धरून पलीकडच्या खोलीत आडवं केलं. वही घेऊन आई मागोमाग गेली, घड्याळ घेऊन धाकटी. "हलू नका हो!" "बाबा, सापडली!" असे आवाज येऊ लागले. इकडे थोरलीनं जांभई दिली आणि भिंतीकडे कूस वळवली.

दहा मिनिटांनी सर परतले. त्यांनी तिचं मनगट धरलं, पूर्ण मिनिटभर मोजलं, मग पुन्हा मोजलं.

"एकावन्न! उद्या सातला मैदानावर ये. पण एवढ्यात केलंस तरी काय?"

"काही नाही सर," थोरली म्हणाली, "दहा मिनिटं मला कुणी आराम दिला नाही."