ज्येष्ठतेनुसार वाक्य

प्रत्येक कर्मचाऱ्याला इंग्रजी वाक्यातला शब्दांचा क्रम आलाच पाहिजे, असे मुख्य कार्यालयाचे परिपत्रक आले. तो काळ टाइपरायटरचा होता. कार्बन पेपर पार विटेपर्यंत वापरत आणि परिपत्रक उभ्याने वाचत. महिनाभर शिकवणी, मग तपासनिसांपुढे प्रात्यक्षिक, मग प्रमाणपत्र. प्रमाणपत्र नसेल त्याची फाइल पुढे सरकणार नव्हती.

अडण्यासारखी फाइल एकट्या मावशींची होती, नोकरीत कायम होण्याची. मावशी ऑफिसात पाणी भरत, टेबले पुसत. अकरा वर्षे त्या हंगामीच होत्या. दर तीन महिन्यांनी त्यांना एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने नेमायचे. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना दीड महिना रजा हवी होती, पण रजा कायम माणसालाच मिळे. हंगामी माणसाने आजारी पडायचे ते नोकरीवर पाणी सोडूनच.

म्हणून मावशी जीव ओतून शिकल्या. शिकवायला आलेले मास्तर सांगत, आपले क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याला खेटून उभे राहते. मावशी म्हणाल्या, "म्हणजे ते लोक आधी कामाला लागतात. आपल्याकडे सगळे ऐसपैस बसले, की मग कामाची आठवण." घरी सून भाजी चिरता चिरता त्यांची उजळणी घेई. बादली भरतानाही 'आय फिल द वॉटर' चालूच असे. "आई, आता नळालासुद्धा पाठ झालं असेल," सून म्हणे.

प्रात्यक्षिकासाठी मास्तरांनी सोपी युक्ती काढली. प्रत्येकाच्या हातात एका शब्दाचा पुठ्ठा द्यायचा आणि सर्वांना वाक्याच्या क्रमाने उभे करायचे. 'द क्लार्क राइट्स अ लाँग लेटर.' शब्द सहा, माणसे सहा.

हेडक्लार्कनी नम्रपणे निदर्शनास आणले, की या ऑफिसात ओळ लागते ती ज्येष्ठता यादीप्रमाणे. तेव्हा 'द' साहेबांकडे गेला. साहेबांनी त्याचा अर्थ विचारला. मास्तर म्हणाले, अर्थ असा खास नाही, पण तो सगळ्यांच्या पुढे असतो. साहेबांना पुठ्ठा पसंत पडला.

'क्लार्क' उपसाहेबांच्या वाट्याला आला. सतरा वर्षांपूर्वी सोडलेल्या पदावर पुन्हा उभे राहायला त्यांनी लेखी नकार दिला, म्हणून तिथे 'ऑफिसर' आला. 'राइट्स' घ्यायला हेडक्लार्क तयार होईनात. ते लिहीत नसत, पुढे पाठवत. त्यांच्यासाठी 'फॉरवर्ड्स' केले. टायपिस्टबाईंच्या हाती 'अ' पडला आणि त्यांनी टाइपरायटरवर झाकणच घातले. इतक्या वर्षांच्या सेवेला एक अक्षर? त्यांना 'ऑल' देऊन शांत केले. आवक-जावक बाबू अंगाने बुटके. 'लाँग' ही आपली थट्टा आहे असे त्यांनी धरून ठेवले, तेव्हा त्यांना 'लेटर्स' मिळाले.

'द ऑफिसर फॉरवर्ड्स ऑल लेटर्स.' वाक्य पुरे झाले आणि मावशी उरल्या.

मास्तरांनी शेवटी 'टुडे' जोडायचे सुचवले. साहेब दचकले. 'आज' असे ऑफिसने एकदा लेखी कबूल केले, की उद्या कोणीही येऊन जाब विचारणार. शब्द रद्द झाला. अखेर एका पुठ्ठ्यावर शाईने काळा ठिपका काढून तो मावशींना दिला. पूर्णविराम. मावशींनी ओले हात पुसून तो धरला. शेवटची का होईना, ओळीत जागा तर होती.

तपासनीस आले. ओळ झकास लागली होती. मग त्यांनी पुठ्ठे उलटे करायला लावले आणि कोणीही अख्खे वाक्य म्हणून दाखवावे असे सांगितले. जो तो आपापल्या शब्दापुरता तयार होता. शेजारी काय आहे ते बघणे कोणाच्या कामात बसत नव्हते. साहेब दोनदा खाकरले. शेवटी दुखरा पाय सावरत मावशींनी वाक्य म्हटले, वर 'टुडे' लावून.

तपासनीस खूश झाले. त्यांनी जागच्या जागी पाच प्रमाणपत्रांवर सह्या केल्या.

"आणि माझं, साहेब?" मावशींनी विचारले.

"बाई, परिपत्रकात दर शब्दामागे एक प्रमाणपत्र म्हटलंय," तपासनीस जरा ओशाळून म्हणाले. "चिन्हाची तरतूद नाही. पण इंग्रजी तुमचंच सगळ्यांत चांगलं. तसा शेरा मारतो मी."

शेरा चांगला पाऊण पान झाला. हेडक्लार्कनी तो पुढे पाठवला.

दुसऱ्या दिवशी मावशींची तीन महिन्यांची मुदत भरत होती. त्यांना नियमाप्रमाणे घरी बसवले, आणि तेवढाच एक दिवस गुडघ्याला आराम पडला.

हे वाचून मावशींची कणव कोणालाही येईल. पण इथवर साठएक वाक्ये झाली आणि जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी कोणीतरी ठिपक्याएवढे मुकाट्याने उभे होते. आपण किती वेळा तिकडे पाहिलेत?