हजेरीच्या मशीनचा नैवेद्य

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, नऊला पाच कमी असताना विश्वंभरमामा हजेरीच्या मशीनसमोर उभे राहिले आणि मशीनने त्यांना ओळखच दाखवली नाही.

"चेहरा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा," मशीनमधली बाई म्हणाली.

मामांनी टोपी काढली, रुमालाने तोंड पुसलं, पुन्हा उभे राहिले.

"चेहरा जुळत नाही."

"काय वो बाई, परवा तर बराबर वळखत होतात!" मामा म्हणाले. "दोन दिसांत काय झालं?"

दोन दिवसांत काय झालं ते मामांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, फक्त ते अजून त्यांच्या ध्यानात यायचं होतं.

चिंचाळवाडी हे गाव तालुक्याच्या गोरेगावहून जीपने अर्ध्या तासावर. तिथल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात विश्वंभरमामा चौतीस वर्षं शिपाई. चौतीस वर्षांत एक दिवस उशीर नाही की न सांगता दांडी नाही. थोरल्या मुलीच्या लग्नादिवशीसुद्धा त्यांनी आधी दवाखान्याचं कुलूप उघडलं, सही केली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मग मांडवात गेले. मामांच्या बायकोने, अनुसूयाबाईंनी, त्याबद्दल त्यांना अजून माफ केलेलं नाही. आता महिनाअखेरीला मामा निवृत्त होणार होते. पेन्शनच्या कागदावर 'सेवेत खंड नाही' असा एक शिक्का बसायचा होता, आणि मामांचा सगळा जीव त्या शिक्क्यात अडकला होता.

हे मशीन दोन महिन्यांपूर्वी आलं. कोणी कागदावर खोटी सही करू नये म्हणून सरकारने ठरवलं, की आता चेहरा दाखवायचा. आता तुम्ही म्हणाल, चांगलं आहे की! आहेच. खोट्या सह्या करणारे काय कमी होते? पण नियम काढणारा माणूस एसीच्या खोलीत बसतो आणि नियम पाळणारा व्हरांड्यात उभा राहतो, एवढाच काय तो फरक. मशीन व्हरांड्यातच लावावं लागलं, कारण आत नेटवर्क येत नव्हतं. जिल्ह्याला मोठा समारंभ झाला, खात्याचे जिल्ह्याचे मोठे अधिकारी वाकोडीकर साहेब यांनी फीत कापली आणि मान म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक मशीनमध्ये पहिला चेहरा साहेबांचा भरला गेला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी आली. ज्याच्यावर पोट चालतं त्याची त्या दिवशी पूजा. मामा दरवर्षी कात्र्या, सुया, औषधांचा फ्रीज आणि डॉक्टरीणबाईंची स्कूटी या सगळ्यांना हळदीकुंकू लावत. यंदा नवा देव आला होता. निघताना अनुसूयाबाईंनी बजावलं होतं, "बाई हाय म्हंता ना त्याच्यात? रोज सकाळी त्वांड दाखवायला पळता तिला. मग नवरातीत बाईला उपाशी नका ठिवू."

मामांनी मशीनला हार घातला, हळदीकुंकू वाहिलं. राहिला नैवेद्य. देवाच्या ओठाला गूळ लावतात तसा लावायचा, पण बाईचं तोंड कुठलं? मधोमध एक गोल काच होती. मामांना वाटलं, हेच तोंड. ओला गूळ त्यांनी बोटाने तिथे चांगला चेपून लावला, उरलेलं कुंकू त्यावर बसलं, आणि मामा हात जोडून घरी गेले.

ती काच म्हणजे कॅमेरा होता. सरकारच्या डोळ्यात मामांनी गूळ भरला होता.

नऊ वाजता डॉक्टरीणबाई, डॉ. सपना, आल्या. त्यांनाही मशीनने ओळखलं नाही. त्यांनी वाकून काचेकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं.

"मामा, हे काय लावलंय?"

"नैवेद हाय मॅडम," मामा म्हणाले आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अरे देवा! ते त्वांड न्हाई व्हय?"

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी कापसाचा बोळा घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला, आणि तो काचेला लागणार एवढ्यात मागून आवाज आला, "थांबा!"

कारकून रविंद्र. वय तीस, पण नियमांच्या बाबतीत सत्तरीचा. त्याच्या हातात मशीनबरोबर आलेलं पत्रक होतं. "कलम सहा. कंपनीच्या माणसाशिवाय कोणी यंत्राला हात लावला, पुसलं, उघडलं, तर वॉरंटी रद्द आणि किंमत त्या कर्मचाऱ्याच्या पगारातून."

"अरे, साधा गूळ आहे!"

"मॅडम, पलीकडच्या दवाखान्यात एकानं नुसतं फडकं मारलं. कापून राहिले त्याचा पगार अजून."

बोळा खाली आला. पलीकडच्या दवाखान्यातला तो माणूस सगळ्यांच्या ओळखीचा होता.

मग कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन. मामांनीच लावला, आणि फोन ठेवायचा नाही असा निश्चय करून खुर्चीत बसले. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, मामांनी तीन दाबलं आणि समोरून एक मुलगी हिंदीत बोलू लागली.

"सर, मशीन में क्या प्रॉब्लेम है?"

"बाईच्या तोंडात गूळ गेलाय."

"सर, किसके मुँह में?"

"मशीनच्या वो! पुसू का?"

"नहीं सर, हाथ मत लगाइए। अड़तालीस घंटे में इंजीनियर आएगा।"

तक्रारीचा नंबर आला. तो रविंद्रने सुवाच्य अक्षरात वहीत लिहिला. अठ्ठेचाळीस तास गेले, इंजिनियर काही आला नाही. आला तो मेसेज: 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. कृपया आम्हाला तारे द्या.'

"तारे?" मामा भडकले. "तारे दिवसा दाखवले ह्यांनी, आन आता आमालाच मागून राहिले!"

तारे न दिल्यामुळे असेल, पण पुढच्या प्रत्येक फोनला कंपनी म्हणे, तक्रार बंद झाली आहे. रोज सकाळी तिघं मशीनसमोर उभे राहत, मशीन म्हणे चेहरा जुळत नाही, आणि तिघं गैरहजर लागत. फक्त मुंग्यांची हजेरी वेळेवर होती. त्या सकाळी सातलाच रांगेने येत.

आठव्या दिवशी मुख्य कार्यालयाचा कागद आला: सात दिवस विनापरवाना गैरहजर, खुलासा करा, अन्यथा सेवेत खंड धरण्यात येईल.

रविंद्रने तोडगा काढला. "मॅडम आन मी सात दिवसांच्या किरकोळ रजा टाकून मोकळे होतो. मामा, तुमीबी टाका. कागद जुळला की झालं."

"काहून टाकू?" मामांचा आवाज चढला. "सात दिस मी कुलूप उघडलं. मी झाडलं. शंकरसिंगची म्हैस व्याली आन वार अडकली तवा कंदील धरून कोण हुभं होतं? हजर माणसानं रजा टाकायची? मग चौतीस वर्षं मी केलं काय?"

"मामा, इगो नका करू."

"त्याला काय म्हंतात ते मला ठाव न्हाई. पण मी हजर होतो."

रात्री मामांना जेवण गेलं नाही. नैवेद्याची कल्पना अनुसूयाबाईंचीच. शेवटी म्हणाल्या, "खरं सांगून टाका की सायबाला. गूळ लावला म्हणावं."

"मग सरकारी मशीन बिघडवलं म्हणून धरतील. न्हाई सांगितलं तर गैरहजर. इकडं आड, तिकडं हीर. तुझ्या नैवेदानं माझी पार वाट लावली, बाई!"

मामांनी रजा टाकली नाही म्हणून चौकशी लागली. वाकोडीकर साहेब स्वतः येणार, सकाळी दहाला. दहाचे अकरा झाले. साडेअकरानंतर जीप आली. साहेब उतरले, व्हरांड्यात खुर्ची मांडून बसले आणि हातावरच्या घड्याळाकडे न पाहता दौऱ्याच्या डायरीत त्यांनी लिहिलं, 'सकाळी दहा, चिंचाळवाडी दवाखाना, आगमन.' मागे उभ्या रविंद्रला खांद्यावरून ते दिसलं. त्याच्या नियमाच्या काळजाला चरचरीत चटका बसला.

"तुम्हीच विश्वंभर का?" साहेब म्हणाले. "सात दिवस कुठे होतात?"

"हितंच, साहेब."

"मशीन म्हणतं नव्हतात."

"मशीन चुकून राहिलं, साहेब. मॅडमना इचारा."

"मशीन चुकत नाही!" साहेबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "चुकतो तो माणूस. खोटं बोलतो तोही माणूस. मशीनला ना जात, ना नातं, ना चहापाणी. ते जे सांगेल ते मी मानतो. त्याच्या पुढे मी कोणाचंही ऐकणार नाही. लिहून घ्या, मी स्वतःच्या बाबतीतसुद्धा ऐकणार नाही."

"मग साहेब, तुमीच हुभं राहून बघा की," मामांच्या तोंडून निघून गेलं.

साहेब ताडकन उठले आणि मशीनपुढे गेले. जवळ जाताच थबकले. चष्मा वर करून काचेकडे पाहू लागले. "हे लाल-लाल काय आहे? मुंग्या कशा काय? विश्वंभर, काय लावलंय याला?"

डॉ. सपनांनी डोळे मिटले. आता सांगावंच लागणार होतं, आणि मामांनी तोंड उघडलंही.

पण त्याआधी धर्मसिंगचा बैल, हौश्या, बोलला. म्हणजे त्याने केलं ते बोलण्यापेक्षा जास्त होतं. खुराच्या दुखण्यासाठी धर्मसिंगने त्याला सकाळीच आणलं होतं, इंजेक्शन झालं होतं आणि धर्मसिंगने दावं नुकतं कुठे हातात घेतलं होतं. हौश्याला गुळाचा वास मघापासून लागला होता. कलम सहा त्याला कोणी वाचून दाखवलेलं नव्हतं. त्याने दोन ढांगा टाकल्या, साहेबांच्या खांद्यावरून मान पुढे काढली आणि हातभर जिभेने मशीन चाटायला सुरुवात केली. गूळ गेला, कुंकू गेलं, मुंग्या गेल्या. चव आवडल्यामुळे त्याने आणखी दोनदा जीभ फिरवली.

"अरे हाकला! हाकला याला!" साहेब भिंत आणि बैल यांच्यामध्ये सापडले होते. धर्मसिंगने दावं ओढलं, हौश्या मागे झाला, आणि साहेब चष्मा सावरत सरळ उभे राहिले. तोंड मशीनकडे.

टुंग!

"स्वागत आहे, नचिकेत वाकोडीकर," बाई खणखणीत आवाजात म्हणाली. "वेळ, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. शेरा, उशीर. आपली नोंद मुख्य कार्यालयास पाठवली आहे."

हौश्या निवांत ओठ चाटत होता.

"मी... मी दौऱ्यावर आहे! मला कसला उशीर?" साहेब म्हणाले. मग त्यांना डायरी आठवली. डायरीत दहा आणि मशीनमध्ये अकरा बेचाळीस, आणि दोन्ही एकाच टेबलावर जाणार. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून फोन काढला, कंपनीला लावला, मराठीसाठी तीन दाबलं.

पाच मिनिटांनी त्यांनी फोन ठेवला. नोंद पुसता येत नाही म्हणे. यंत्र बिघडलेलं होतं असं अधिकाऱ्याने सहीशिक्क्याने लिहून दिलं, तरच ती बाद होते.

"मशीन चुकत न्हाई म्हणालात ना, साहेब," मामा अगदी नम्रपणे म्हणाले.

साहेब बसले आणि कागद ओढला. "यंत्रात बिघाड आहे. आजच्या दिवसाची नोंद..."

"आजचीच न्हाई लिहिता येणार, साहेब," रविंद्र पुढे झाला. वही त्याच्या छातीशी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा नियम माणसाच्या बाजूने उभा होता. "बिघाडाच्या तक्रारीचा नंबर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा हाये. बिघाड आजच झाला म्हणून लिहिलं तर वरचे इचारतील, मग ही तक्रार कशाची? आन आज साहेब कसे नेमके..."

"बरं, बरं! तारीख सांग."

साहेबांनी लिहिलं: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून आजपर्यंत यंत्र सदोष होते, सबब त्यावरील सर्व नोंदी रद्द समजाव्यात, सर्व कर्मचारी हजर होते. मामा उभ्याने वाचत होते. 'सर्व कर्मचारी हजर होते' या ओळीवर त्यांचे डोळे भरून आले. साहेबांनी सही केली, शिक्का मारला.

मामा तर मामाच. त्यांना राहवेना. "साहेब, एक सांगायचं राह्यलं. त्या मशीनला मीच..."

"मामा!" डॉ. सपना जवळजवळ ओरडल्या. "साहेबांना चहा ठेवा बघू आधी!"

साहेब चहा न घेताच उठले. जीपमध्ये बसले, दार ओढलं, आणि एवढं सगळं होऊनही साहेबपण काही सुटेना. काचेतून बोट नाचवत म्हणाले, "विश्वंभर, निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. रोज वेळेवर येत जा."

"मी येतो, साहेब," विश्वंभरमामा म्हणाले. "तुमचं तेवढं बघा."

धर्मसिंग खो खो हसला. डॉ. सपना घाईघाईने आत गेल्या, आणि आतून त्यांचं हसणं व्हरांड्यापर्यंत ऐकू आलं. जीप धूळ उडवत गोरेगावच्या रस्त्याला लागली.

मामांनी अनुसूयाबाईंना फोन लावला. "झालं गं! हजर धरलं मला! सगळे दिस!"

"मग या की घरी," त्या म्हणाल्या. "पुरणाचा घाट घालते."

"येडी का काय तू?" मामा टोपी नीट करत म्हणाले. "दवाखाना सुटायला अजून पाच तास हायेत."