पिवळ्या छत्रीच्या मागे

सर्वेशने आईबाबांसाठी लिस्बन शहराच्या दिवसभराच्या सहलीची तिकिटं काढली आणि गाइड इंग्रजी बोलणारी निघाली, तिथूनच शिवदास शेट्यांचं तोंड वाकडं व्हायला सुरुवात झाली.

"इंग्लिश कित्याक?" चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले. "माका पुर्तुगेज येता, ठावक नाय तुका?"

सर्वेशला ठाऊक होतं. गोव्यात, साऱ्या कोरगावला ठाऊक होतं. शिवदास लहानपणी पोर्तुगीज अमलातल्या शाळेत गेले होते. पुढे पेडण्याच्या कचेरीत त्यांनी कारकुनी केली आणि गावात कोणाच्या पेटीतून जुना पोर्तुगीज कागद निघाला, की तो त्यांच्याकडे येऊ लागला. ते चष्मा पुसत, कागद उजेडाला धरत, ओठांतल्या ओठांत वाचत आणि कुठे अडलेच तर "हो शब्द आता चालत नाय" असं सांगून पुढे सरकत. निवृत्तीनंतरही हा मान तसाच राहिला होता. फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती, खुद्द शिवदासांच्याही नाही. कागद उलटून बोलत नाही.

लिस्बनची माणसं उलटून बोलत होती, आणि तीही भराभर, निम्मे स्वर गिळून. सर्वेश आणि सून गौरवी यांच्याकडे येऊन पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी शिवदासांनी पावाच्या दुकानात घोकून नेलेलं वाक्य म्हटलं, तर तिथल्या मुलीने इंग्रजीत उत्तर दिलं. "ती हंयची नसतली," असं त्यांनी बायकोला, कमलाक्षीबाईंना सांगितलं. मग ट्रामचा ड्रायव्हरही इथला निघाला नाही. पुढे पोस्टातला माणूस, खालच्या मजल्यावरची शेजारीण, असं करत करत आठवडाभरात शिवदासांच्या लेखी लिस्बनमध्ये लिस्बनचं कोणी उरलंच नाही. कमलाक्षीबाई ऐकून घेत आणि पदराने तोंड पुसत.

सर्वेश आणि गौरवीला सुटी नव्हती. सर्वेशने सकाळी दोघांना नदीकाठच्या मोठ्या चौकात आणून बसमध्ये बसवलं, पिशवीत मोबाइल टाकला आणि पुन्हापुन्हा बजावलं, की गाइडच्या हातात पिवळी छत्री असेल, ती छत्री नजरेआड होऊ द्यायची नाही. संध्याकाळी मी इथेच घ्यायला येतो.

गाइड उंच, काळा चष्मा लावलेली तरुणी होती. शिवदासांनी तिला गाठून, जरा पोर्तुगीजमधूनही सांगत जा, अशी विनंती त्या भाषेतच केली. ती हसली आणि "क्लारु" म्हणाली. म्हणजे अर्थातच. शिवदासांनी वळून बायकोकडे पाहिलं. ही तरी इथली होती.

पहिला मुक्काम चढावरच्या जुन्या चर्चचा, म्हणजे थोरल्या इगर्जीचा होता. खांदा दुखतो म्हणून शिवदासांनी पिशवी सीटवरच ठेवली. गुळगुळीत दगडांच्या त्या चढावर कमलाक्षीबाईंच्या सपाताचा पट्टा तुटला. त्या पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "बोल्सांत आल्फिनेत आसा काय बघा हो."

शिवदास खिसे चाचपत होते, तेवढ्यात काळं स्वेटर घातलेली एक म्हातारी बाई वाकली. तिने आपल्या पोलक्याच्या काठाची पिन काढली, "आल्फिनेत" असं म्हणत खाली बसली आणि सपाताचा पट्टा स्वतःच्या हाताने टाचून दिला. पिनेला कोरगावात जे म्हणतात तेच तिच्याही गावात म्हणत होते. दोघी एकमेकींकडे पाहून अशा हसल्या, जशा काही एकाच विहिरीवर पाणी भरत आल्या आहेत.

या गडबडीत छत्री दिसेनाशी झाली. शिवदासांनी टाचा उंचावून चहूकडे पाहिलं. पण लगेच वळणावर पिवळं काहीतरी हललं आणि ती स्वेटरवाली बाईही तिकडेच चालू लागली. "ही आमच्याच बशीतली," शिवदास म्हणाले आणि बायकोचा हात धरून निघाले. छत्रीखाली काळा चष्मा होता. चष्मेवाली पोर्तुगीज बोलत होती.

"बघ," शिवदास हळूच म्हणाले. "मी सांगलंय म्हणान."

कमलाक्षीबाईंनी विचारलं, सकाळी दोन पोरं घेऊन आलेली ती बाई कुठे दिसत नाही ती? पुढे गेली असेल, असं उत्तर मिळालं. शिवदासांना टोप्या घातलेली गोरी माणसं सगळी सारखीच दिसत. उतारावर चष्मेवालीने बोटाने डोकी मोजली, मान हलवली आणि सगळ्यांना बसमध्ये चढवलं. स्वेटरवाली बाई कमलाक्षीबाईंचा दंड धरूनच चढली, त्यामुळे गाइडला ही दोघं तिचीच पाहुणी वाटली. सारे तिला दोना एर्मिंदा, म्हणजे एर्मिंदाबाई, म्हणत.

शिवदास आपल्या सीटपाशी आले. तिथे पिशवी नव्हती. लोकरीच्या विणकामाची टोपली होती. त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. पडद्यांचा रंग वेगळा होता. बस सुरू झाली होती.

ही दुसरीच बस होती. मोबाइल त्या बसमध्ये, मुलाचा पत्ता मोबाइलमध्ये. शिवाय हे बायकोला सांगायचं, तर आधी ते "मी सांगलंय म्हणान" परत घ्यावं लागणार होतं. त्यापेक्षा गाइडला गुपचूप सांगावं, असं ठरवून ते दांड्या धरत पुढे गेले. चूक, बस, दुसरी, मुलगा, असे शब्द त्यांनी मनात गोळा केले. पण चष्म्याची ती बाई वळून समोर उभी राहिली, मागून सारी बस बघू लागली आणि शिवदासांचे शब्द पार पळाले. उरलं ते एकच वाक्य. लहानपणी शाळेत रोज मोठ्याने म्हटलेलं तेवढं एकच.

"सिन्योर प्रोफेसोर, पोसु इर ला फोरा?"

मास्तर, मी बाहेर जाऊ?

गाइडला या वाक्याचा जो अर्थ कळायचा तोच कळला. तिने लगबगीने ड्रायव्हरला सांगितलं आणि पुढच्याच पेट्रोल पंपावर बस थांबली. शिवदासांना उतरावंच लागलं. आणि त्यांच्या मागोमाग सगळी बस उतरली. ही सारी दूर उत्तरेच्या डोंगरातल्या एका खेड्यातली म्हातारी माणसं होती. इगर्जीतर्फे वर्षातून एकदा ती सहलीला निघत. पहाटेपासून प्रवास चालला होता आणि एवढ्या तरुण मुलीला थांबव म्हणायचं कसं, या संकोचात सगळी कळ सोसून बसली होती. परत बसमध्ये चढताना एकेकाने शिवदासांशी हात मिळवला. एका म्हाताऱ्याने तर मिठी मारली. त्या मिठीनंतर, मी तुमचा नव्हेच, असं सांगणं शिवदासांना जड जाऊ लागलं.

पुढे नदीकाठच्या मोठ्या मठात गाइडने एका संगमरवरी समाधीपाशी सगळ्यांना उभं केलं. वरती हात जोडून पहुडलेला दगडी पुरुष होता. हिंदुस्थानची वाट शोधणारा वास्को द गामा तो हाच, एवढं शिवदासांना कळलं आणि त्यांनी बायकोला सांगितलं. कमलाक्षीबाईंनी समाधी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळली.

"आमच्याकडे येताना हेणे कोणाक इचारूक नाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमी मात विझा काढून आयलों."

काय म्हणाल्या, असं दोना एर्मिंदाने विचारलं. शिवदासांनी बराच वेळ शब्द शोधले आणि, त्याला चांगली झोप लागली आहे असं म्हणते, असं भाषांतर केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

जेवण नदीकडेच्या खाणावळीत लांब मेजावर होतं. ताटात निखाऱ्यावर भाजलेले तारले मासे आले, तेव्हा कमलाक्षीबाईंना इथे आल्यापासून प्रथमच आपण जेवायला बसलो आहोत असं वाटलं. त्यांनी कुलेर मागितला, चमचा आला. पाव मागितला, पाव आला. शिवदास चकित होऊन पाहत राहिले. ज्या भाषेसाठी आपण मार खाल्ला, ती भाषा बायको नुसती स्वयंपाकघरातून उचलून घेऊन आली होती.

जेवणानंतर गाणी सुरू झाली. एकेकाने उठून काहीबाही म्हटलं आणि शेवटी सगळ्यांचे डोळे पाहुण्यांकडे वळले. दोना एर्मिंदाने टाळ्या वाजवल्या. शिवदास उभे राहिले. गाणं आठवेना. गणपतीची आरतीसुद्धा आठवेना. मग त्यांचे हात आपोआप पाठीमागे गेले, टाचा जुळल्या आणि मान वर झाली.

त्यांच्या शाळेतल्या भिंतीवर पोर्तुगालचा नकाशा टांगलेला असे. कोरगावच्या ओहोळाचं नाव त्या शाळेत कोणी कधी विचारलं नाही, पण पोर्तुगालच्या नद्या आणि आगगाडीची स्टेशनं क्रमाने पाठ लागत. पेडण्यात तेव्हा रूळ नव्हते. वर्गातल्या एकाही पोराने आगगाडी पाहिलेली नव्हती. स्टेशन चुकलं, की मास्तर भोकाभोकांच्या लाकडी थापटीने तळहात सुजवत. त्यामुळे ती यादी शिवदासांच्या डोक्यात नव्हती, हातात होती.

"तुआ," त्यांनी शाळकरी सुरात सुरुवात केली. "आब्रेयरु. मिरांदेला. रोमेव. मासेदु. ब्रागांसा."

मेजावरचा गलबला थांबला. शिवदासांना वाटलं, चुकलं. पेट्रोल पंपावर मिठी मारणारा म्हातारा उठला आणि त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. पुन्हा म्हणा, एवढंच तो म्हणाला.

शिवदासांनी पुन्हा म्हटलं. रोमेव आल्यावर साऱ्या मेजाने एकदम थाप मारली. ही माणसं तिथलीच होती. म्हातारा त्या स्टेशनावर झेंडा दाखवत असे. तो सांगू लागला, की गाडी कधीच बंद झाली, रूळ गेले, तिथे आता गवत आहे. आमच्या नातवंडांना ती नावं क्रमाने येत नाहीत. मेजावर बोटाने रूळ ओढत तो एकेक शब्द सावकाश बोलत होता आणि शिवदासांना कळलं, की आपल्याला सगळं समजतं आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, प्रत्येक शब्द.

"आमका मारून शिकयलेला," शिवदास बायकोला म्हणाले. "आनी आता ह्येंका होया."

तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्याने शिट्टीचा आवाज काढला, दोना एर्मिंदाने लाल रुमाल हलवला आणि शेजारच्या मेजांवरची अनोळखी माणसंही प्रत्येक स्टेशनाला थाप देऊ लागली. ब्रागांसाला गाडी पोचली तेव्हा आचारी बाहेर येऊन टाळ्या वाजवत होता. त्यानंतर दिवसभर गाइडने काय काय दाखवलं ते कोणाला फारसं आठवत नाही. मनोऱ्यापाशी, पुलापाशी, चौकाचौकात गाडी तुआहून सुटत होती आणि ब्रागांसाला पोचत होती.

ऊन उतरलं तशी शिवदासांना पिशवी आठवली. एव्हाना सर्वेश पोलिसांत गेला असेल, सून रडत असेल, असं त्यांच्या मनात येऊ लागलं. बस नदीकाठच्या चौकात वळली आणि सर्वेश त्यांना काचेतून दिसला. दुसऱ्या पिवळ्या छत्रीखाली तो हातवारे करत होता. समोर एक म्हातारं जोडपं उभं होतं आणि त्यातल्या बाईंनी शिवदासांची पिशवी छातीशी घट्ट धरली होती.

बसमधून एकच आरडाओरडा झाला. ते त्यांच्याच गावचं जोडपं होतं. सकाळी इगर्जीपाशी ते चुकीच्या छत्रीमागे गेलं होतं आणि शिवदासांच्या जागेवर दिवसभर बसून होतं. दोन्हीकडची डोकी जमली, म्हणून दोन्ही गाइड निर्धास्त होत्या. गावकऱ्यांना वाटलं, दोघं म्हणत होती तशी लिस्बनमधल्या लेकीकडे गेली असतील. जोडप्यातला म्हातारा मात्र आपल्या लोकांवर वैतागला होता. "दिवसभर तुम्ही सगळे असे गप्प का होता?" असं तो विचारत होता. त्याची नजर अधू होती आणि इंग्रजी सहलीतलं कोणी त्याच्याशी बोललं नाही, हा त्याला गावकऱ्यांचा रुसवा वाटला होता.

सर्वेश धावत आला. आधी त्याने दोघांना चाचपून पाहिलं आणि मग त्याचा आवाज चढला. पण तो फार चढू शकला नाही, कारण मागे सारं खेडं बसमधून उतरलं होतं आणि त्याच्या बापाला एकेक करून मिठी मारत होतं. दोना एर्मिंदाने सर्वेशचे दोन्ही गाल धरले आणि त्याला काहीतरी सांगितलं. इतकी वर्षं तिथे काढलेल्या सर्वेशने ते ऐकलं आणि वडिलांकडे वळून बघत राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "तुमचा पुर्तुगेज खूप शुद्ध, असा म्हणता ही."

शिवदासांनी सोबत्यांना सावकाश हात केला आणि, शुद्ध नाही, जुनं आहे, असं त्या बाईंना त्याच भाषेत सांगितलं. त्या हसल्या. त्यांना कळलं होतं.

घरी गौरवीने जेवायला वाढलं तेव्हा शिवदासांनी बायकोजवळ कबूल केलं, की बस चुकीची आहे हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

"माका चढतानाच कळलेला," कमलाक्षीबाई भात कालवत म्हणाल्या.

"मगे सांगलंस नाय कित्याक?"

"ह्या बशीत लोक हसत होते," त्या म्हणाल्या. "पयल्या बशीत सगळे गप."

इतक्यात सर्वेशचा फोन वाजला. सहलीच्या कंपनीचे लोक माफी मागत होते. उद्या दोघांना पुन्हा फुकट नेतो, चांगली पुढची जागा देतो, असं ते म्हणत होते. शिवदास विचारात पडले. किल्ला राहिलाच होता, आणि मठ नीट पाहून झाला नव्हता. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

कमलाक्षीबाईंनी पाण्याचा घोट घेतला.

"नको म्हणान सांग तेंका," त्या सर्वेशला म्हणाल्या. "त्या बशीत आमच्या वळखीचा कोण आसा?"