मयत साळूबाई आणि दरबाराची डिस्क

एका जंगलात एक कॉम्प्युटर राहत होता.

हसू नका. जंगलात वाघ राहतो म्हटलं की तुम्ही माना डोलावता, मग कॉम्प्युटर राहिला तर तुमच्या पोटात का दुखतं? वाघमहाराजांच्या दरबारात, एका कोरड्या गुहेत, सागाच्या ओंडक्यावर त्याला बसवला होता. जंगलातल्या प्रत्येक जनावराची नोंद त्याच्यात होती. कोण कुठल्या बिळात राहतं, कुणाचं घरटं कुठल्या झाडावर, कोण जिवंत, कोण मयत. कॉम्प्युटर म्हणेल ते खरं, असा महाराजांचा हुकूम होता. महाराजांना स्वतःला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांचा कॉम्प्युटरवर फार विश्वास.

कॉम्प्युटरचे कारभारी होते घोरपडराव. घोरपड एकदा कशाला चिकटली की सुटत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. घोरपडराव खुर्चीला चिकटले होते. माणूस, म्हणजे जनावर, वाईट नव्हतं हो. कुणाचं काम अडवावं असं त्यांच्या मनातसुद्धा यायचं नाही. ते आपले नियमानं चालायचे आणि काम आपोआप अडायचं.

त्याच जंगलात टेकडीच्या उताराला साळू नावाची साळिंदरीण राहत होती. अंगभर काटे, पण जीभ गोड. तिचा नवरा वणव्यात गेला होता आणि पदरात दोन पिल्लं होती. टेकडीचा मुरूम नखांनी उकरून उकरून तिनं एक बीळ केलं होतं. दोन पावसाळे लागले त्याला. आत पाणी शिरत नसे, वारा शिरत नसे, आणि पिल्लांना झोपायला मऊ पाचोळा असे. साळूची सगळी इस्टेट ती एवढीच.

पिल्लं जरा मोठी झाली तशी साळू त्यांची नावं घालायला दरबारात गेली. घोरपडरावांनी बटणं दाबली, स्क्रीनकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की साळूबाई, तुम्ही मयत आहात.

साळूला वाटलं, थट्टा करतायत. पण घोरपडराव थट्टा करत नसत. त्याला वेगळा हुकूम लागतो. त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. साळू, टेकडीचा उतार, मयत. तारीखसुद्धा होती. पिल्लं त्या तारखेनंतर जन्मली होती, त्यामुळे ती साळूची असू शकत नाहीत, हेही घोरपडरावांनी तिला समजावून सांगितलं. आणि बीळ बेवारस झालं होतं. बेवारस बिळं दसऱ्याच्या मुहूर्तावर वाटतात. साळूचं बीळ एका तरसाला मिळणार होतं.

थंडी तोंडावर आलेली. दोन पिल्लं घेऊन ती जाणार कुठं? ती तिथंच मटकन बसली आणि रडायला लागली. घोरपडरावांनाही वाईट वाटलं. त्यांनी तिच्यादेखत 'मयत' खोडून 'जिवंत' लिहिलं. साळू नाचत घरी गेली. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर पुन्हा मयत. परत लिहिलं, परत मयत. असं तीनदा झालं. मग मात्र घोरपडरावांनी सुतारपक्ष्याला बोलावलं.

जंगलातली मोडतोड दुरुस्त करायला सुतारपक्षीच लागायचा. झाडावर चोच आपटून ते आत कुठं पोकळ आहे हे तो सांगायचा. कॉम्प्युटरवरही त्यानं टकटक केली, कान लावला आणि मान हलवली. ज्या डिस्कवर हा कॉम्प्युटर सुरू होतो, तीच आतून किडलीय, असं त्याचं म्हणणं पडलं. वरून काही लिहा, टिकणार नाही. सगळी डिस्क पुसायची आणि नव्यानं भरायची, हाच उपाय. घोरपडरावांनी पुसायचं बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आली : पुसता येत नाही.

पुन्हा दाबलं. येत नाही. जोरात दाबलं. जोरात दाबल्यानं यंत्र घाबरतं, असा घोरपडरावांचा समज होता.

"अहो, कसं पुसलं जाईल?" सुतारपक्षी म्हणाला. "कॉम्प्युटर त्याच डिस्कवर उभा आहे. मी ज्या झाडावर बसलोय, तेच झाड मी पाडीन का? आधी त्याला बंद करा. मी दुसरी छोटी डिस्क आणतो, तिच्यावर त्याला सुरू करू. मग जुनी बिनबोभाट पुसली जाईल."

उपाय सोपा होता. म्हणूनच तो चालण्यासारखा नव्हता.

कारण कॉम्प्युटर बंद करायचा नाही, असा दरबाराचा रिवाज होता. कॉम्प्युटर बंद म्हणजे राज्याचा कारभार बंद, आणि कारभार बंद म्हणजे महाराजांना अपशकुन. वर्षातून एकच दिवस तो बंद असायचा, खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारांची पूजा. कॉम्प्युटरला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची, समोर नारळ फुटायचा. पण त्या दिवशी कुणीही जिवंत जनावरानं हत्याराला किंवा यंत्राला कामासाठी हात लावायचा नाही, हाही रिवाजच. सुतारपक्षी तर आपल्या चोचीला कुंकू लावून दिवसभर उपाशी बसायचा. मागं एका माकडानं खंडेनवमीला दगडानं कवठ फोडलं, तर त्याला जंगलातून हद्दपार केलं होतं.

म्हणजे बघा. ज्या दिवशी दुरुस्त करता येतं, त्या दिवशी बंद करता येत नाही. ज्या दिवशी बंद असतं, त्या दिवशी दुरुस्त करता येत नाही. घोरपडरावांनी हे सगळं नीट लिहून घेतलं आणि प्रश्न सुटला असं समजून जेवायला गेले.

साळू मात्र घरी जाऊन विचार करत बसली. पिल्लं अंगावर लोळत होती, काटे टोचले की कुंईकुंई करत होती. दसऱ्याला चार दिवस उरले होते. आणि एकाएकी तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती तशीच उठून दरबारात गेली आणि थेट महाराजांच्या पुढ्यात उभी राहिली.

"महाराज, रिवाज जिवंत जनावरांना आहे ना?" ती म्हणाली. "मी मयत आहे. खंडेनवमीला मी हात लावीन."

महाराजांनी घोरपडरावांकडे पाहिलं. घोरपडरावांनी स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर मयत होतं. मयतानं हात लावू नये असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. महाराजांनी परवानगी दिली आणि या मयत बाई भारी हुशार आहेत असंही म्हणाले. साळूला आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. इथं मी तुम्हाला थांबवून काही सांगणार होतो, पण राहू दे.

खंडेनवमी उजाडली. कॉम्प्युटर बंद केला, पूजा झाली, सगळे चार हात लांब उभे राहिले. सुतारपक्षी चोचीला कुंकू लावून फांदीवरून नुसता सांगत होता आणि साळू करत होती. झेंडूची माळ बाजूला सारून तिनं छोटी डिस्क लावली. कॉम्प्युटर तिच्यावर सुरू झाला. मग तिनं जुन्या डिस्कवर बोट ठेवलं आणि पुसायचं बटण दाबलं. या खेपेला काही कुरकुर नाही. सगळं धुऊन निघालं. वर्षानुवर्षांचा गाळ गेला आणि त्याच्याबरोबर साळूचं मरणही गेलं. तिनं घरी जाऊन पिल्लांना उराशी धरलं आणि सांगितलं की उद्या तुमची नावं घालू. त्या आनंदात तिला जेवणसुद्धा गेलं नाही.

दसऱ्याला सकाळी साळू पिल्लांना घेऊन पहिल्या नंबरला उभी राहिली. घोरपडराव प्रसन्न होते. डिस्क घोड्यासारखी धावत होती. त्यांनी बटण दाबलं आणि स्क्रीन वळवली.

साळू, टेकडीचा उतार, मयत.

झालं होतं असं, की पुसायच्या आधी सुतारपक्ष्यानंच घोरपडरावांना सगळ्या नोंदी दुसरीकडं उतरवून ठेवायला सांगितलं होतं, आणि परत भरताना चुका तेवढ्या काढा असंही बजावलं होतं. घोरपडरावांनी उतरवून घेतल्या. प्रत्येक पानावर 'सत्यप्रत' असा शिक्का मारला. आणि सत्यप्रतीत खाडाखोड चालत नाही, म्हणून पहाटे उठून जशाच्या तशा भरल्या. एक टिंबसुद्धा इकडचं तिकडं होऊ दिलं नाही. हे सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता.

सुतारपक्षी खाली उतरला आणि म्हणाला की आता डिस्क धडधाकट आहे, आत्ता 'जिवंत' लिहा, ते टिकेल. दोन बटणांचं काम आहे.

घोरपडरावांनी बोट उचललं. मग ते तसंच हवेत राहिलं.

"लिहितो," ते म्हणाले. "पण साळूबाई, तुम्ही जिवंत असाल, तर काल जिवंत जनावरानं यंत्राला हात लावला. मग तुम्ही खंडेनवमी मोडलीत. मला तुम्हाला हद्दपार करावं लागेल. पिल्लांसकट. सांगा, काय लिहू?"

साळूनं महाराजांकडे पाहिलं. महाराज आपट्याची पानं मोजण्यात गुंग होते. तिनं सुतारपक्ष्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. त्या बिचाऱ्याला झाडातली कीड काढता यायची, एवढीच त्याची विद्या.

"मयतच राहू द्या," साळू म्हणाली.

ती घरी आली आणि बिळात बसून हमसून हमसून रडली. दुपारी तरस आला. पंज्यात वाटपाचा कागद, कानामागं आपट्याचं पान. आत कोण आहे, असं त्यानं विचारलं. साळू डोळे पुसत बाहेर आली. जिचं बीळ आहे तीच आहे, म्हणाली. तरसानं कागद पाहिला. कागदावर लिहिलं होतं : मूळ धारक साळू, मयत. खाली शिक्का होता.

"मयत साळू ती तुम्हीच?" तरसानं विचारलं.

साळूनं क्षणभर विचार केला. मग अंगावरचे सगळे काटे उभे करून खळखळ वाजवले आणि म्हणाली, "होय. मीच ती."

तरसानं जन्मभर मेलेली जनावरं खाल्ली होती, पण त्यातलं एकही कधी त्याच्याशी बोललं नव्हतं. कागद तिथंच टाकून तो जो पळाला, तो थेट दरबारात. मयताला बिळातून काढा म्हणून घोरपडरावांच्या पाया पडला. घोरपडरावांनी नियम पाहिले. मयताला नोटीस बजावता येत नाही. मयताला हाकलायचं तर आधी तिला जिवंत करावं लागेल, आणि 'मयतच राहू द्या' हे तर तिनंच सांगितलेलं, तिच्या अर्जाशिवाय ते बदलता येत नाही. त्यांनी बिळापुढं 'बाधित, वाटपास अयोग्य' असा शेरा मारला आणि तो विषय कायमचा मिटला. पुढं त्या टेकडीकडं कुणी फिरकलं नाही.

त्या संध्याकाळी पिल्लं पाचोळ्यात शिरली. धाकट्याला झोप येत नव्हती.

"आई, तू खरंच मेलीस का?" त्यानं विचारलं.

साळूनं काटे आवरून त्याला पोटाशी घेतलं. "घरात नाही रे," ती म्हणाली. "बाहेर कुणी विचारलं तर मात्र हो म्हणायचं."

तात्पर्य : आपण जिवंत आहोत हे पटवत दारोदार हिंडू नये. मेल्याचा शिक्का मिळाला असेल तर तो जपून ठेवावा. डोक्यावरचं छप्पर त्याच्यावरच टिकतं. परीक्षेत मात्र 'सत्याचाच शेवटी विजय होतो' असं लिहा, मार्क त्यालाच आहेत.